अर्धा खडा गूळ

मानोऱ्याच्या बाजारमैदानात दिवाळीच्या तोंडावर एक थिएटर आलं, तेही ट्रकमधून, घडी घालून. दोन तास पंख्यांनी हवा भरली आणि गुरांच्या बाजाराच्या जागेवर निळं-पांढरं काहीतरी अवाढव्य फुगून उभं राहिलं. आत खुर्च्या, एसी, मोठा पडदा, सगळं. कंपनीनं त्याला इंग्रजीत ऐटबाज नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. लोक त्याला ‘फुगा’ म्हणू लागले. कॉलेजात पोरंपोरी एकमेकांना एवढंच विचारायची, फुगा पाह्यला का? ज्यानं पाहिला नसेल त्यानं खाली मान घालायची.

संस्कृती आणि निता या दोघींनी तीन आठवडे खाली मान घातली होती. दोघी बारावीला, एका बाकावर. संस्कृती गावातली, बबनरावांची एकुलती एक. निता नाल्यापलीकडच्या तांड्यातली. निता वयानं दीड वर्षानं मोठी होती, कारण लहानपणी दोनदा तिचं शाळेचं वर्ष उसाच्या फडावर गेलं होतं. तरी जीवशास्त्रात वर्गात पहिला नंबर तिचाच असायचा, आणि संस्कृतीच्या वहीतल्या हृदयाच्या आकृत्याही तीच काढून द्यायची. बारावी झाली की दोघींनी अकोल्याला नर्सिंगला जायचं, एकाच खोलीत राहायचं, हे ठरलेलं होतं. खोलीत खिडकीजवळची खाट कुणाची, यावरून त्यांचं एकदा भांडणही झालं होतं.

अडचण होती ती दिवाळीनंतरच्या पाच महिन्यांची. दिवाळी झाली की तांड्यातल्या निम्म्या घरांना कुलपं लागतात. ट्रक येतात, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं वर चढतात आणि सगळी मंडळी ऊसतोडीला जातात, ती थेट उन्हाळ्यातच परततात. मोहनसिंग आणि धनीबाई, निताचे आईबाप, दरवर्षी जायचे. मागची तीन वर्षं निता आजीजवळ राहिली होती. ती आजी, रुपाबाई, या श्रावणात गेली. आता तरण्या पोरीला ठेवायचं कुणाजवळ? बरोबर न्यावं तर परीक्षा बुडते. कुलपाच्या घरात एकटीला ठेवावं तर आईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. उरलेला रस्ता तांड्यातल्या सगळ्यांना ठाऊक होता. पोरीचं लग्न लावून टाकायचं, म्हणजे काळजी मिटली. नवऱ्यामुलालाही ते सोयीचं असतं, कारण तोडीला नवराबायकोची जोडी लागते, एकट्याचं नाव मुकादम घेत नाही.

गणपतीच्या दिवसांत नितानं आणखी एक रस्ता काढला होता.

“तुमची मांगची खोली हाये ना, जिथी फवारणीचा पंप ठेवते,” ती म्हणाली होती. “तिथी मी राह्यली त? पाच महिने. माहं मी रांधून खाईन. काकूले कामातबी मदत करीन. तू काकाले इचारतं का?”

“हे काय इचारनं झालं?” संस्कृती म्हणाली होती. “बाबा मले कोणत्याच गोष्टीले नाही म्हणत नाही.”

हे खरं होतं. पण त्या संध्याकाळी बबनराव ओसरीत बसले असताना ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिला एकदम तो कप आठवला. निता पहिल्यांदा घरी आली तेव्हा आईनं तिला चहा दिला होता, आणि मग तो कप मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवला होता. कुणी काही बोललं नव्हतं. बबनराव तिथंच पेपर वाचत बसले होते, तेही काही बोलले नव्हते. त्यांनी पाहिलं की नाही, हेच संस्कृतीला कळलं नव्हतं.

“काय वं?” बबनराव म्हणाले.

“काही नाही. चाय ठेवू का?”

असं एकदा झालं, दोनदा झालं. विचारलं नाही तोवर नकार आलेला नव्हता, एवढाच काय तो आधार. बाबा नाही म्हणाले तर ते काहून म्हणाले हे निताला सांगावं लागेल, आणि ते सांगितल्यावर त्या बाकावर दोघींनी बसायचं कसं? मग नितानं चौथ्यांदा विचारलं, त्या दिवशी संस्कृतीच्या तोंडून खोटं निघून गेलं.

“इचारलं. बाबा म्हणे, पाहू.”

निता केवढी खूश झाली. पोरीनं धावत जाऊन तांड्यावर आईला सांगितलं. आणि धनीबाई, जिला सही करायला अंगठा लागतो, तिनं त्या एका शब्दाची वाट पाहत दसरा काढला, दिवाळी काढली. आज विचारते, उद्या विचारते, करत संस्कृतीनंही तेवढीच दिवाळी काढली. खोटं बोलायला एक क्षण लागतो आणि ते निस्तरायला धीर लागतो. तो तिच्याजवळ नव्हता, हे स्पष्टच सांगायला हवं.

फुगा उठून जायला दोनच दिवस उरले, तेव्हा तिनं बेत केला. निताला सिनेमा दाखवायचा, आणि रात्री बाबा घ्यायला आले की गाडीवर, निताच्या समोरच, विचारून टाकायचं. निता समोर असली की बाबांना नाही म्हणणं जड जाईल. सहा ते नऊचा खेळ. बबनरावांचं त्या दिवशी मानोऱ्यातच काम होतं, ते म्हणाले, नऊला मैदानाच्या गेटपाशी उभा राहतो. घरचं जमलं. आता तांड्याचं.

निता त्या दिवशी सकाळपासून मानोऱ्यात शिवणक्लासला होती आणि तिथूनच थेट येणार होती. आईची परवानगी काढायचं काम संस्कृतीकडे होतं. दुपारी चारला ती नाला ओलांडून तांड्यावर गेली. धनीबाई नाही म्हणेल, निदान दहा प्रश्न विचारेल, म्हणून तिनं वाटेत उत्तरं तयार केली होती. आजवर धनीबाईनं पोरीला दिवेलागणीनंतर तांड्याबाहेर राहू दिलं नव्हतं.

तांड्याच्या नायकाच्या घरापुढं कडुलिंबाखाली सतरंजी टाकलेली होती आणि सात-आठ माणसं बसली होती. दोघं-तिघं अनोळखी, धुतलेल्या कपड्यातले. बोलणं त्यांच्या बोलीत चाललं होतं, ते संस्कृतीला कळत नव्हतं. एवढी वर्षं निताबरोबर राहून तिला त्या बोलीतले चार शब्द येत होते, त्यातले दोन शिव्या होत्या.

धनीबाई घराच्या दारात उभी होती. संस्कृतीनं सिनेमाचं काढलं मात्र, तिनं पुढचं ऐकूनही घेतलं नाही.

“जाय,” ती म्हणाली. “घेऊन जाय तिले. पुरा पाहा. घाई करू नोका.”

“मावशी, नऊ वाजतीन सुटाले.”

“वाजू दे. हासू दे तिले. हासली म्हणजे झालं.” आणि तिनं निताची नवी जांभळी ओढणी घडी करून संस्कृतीच्या हातात दिली. डोळे तिचे लाल दिसत होते, पण दारात चूल पेटलेली होती, धूर होता.

संस्कृतीला आनंद मावेना. ती उड्या मारतच निघाली, तर लिंबाखालून प्रेमसिंग नायकानं तिला हाक मारली. म्हातारा तांड्याचा कारभारी, पांढरा फेटा, आवाज खणखणीत. त्याच्यापुढं परातीत गुळाचे खडे होते. एक चांगला लिंबाएवढा खडा त्यानं तिच्या तळहातावर ठेवला.

“बबनरावची पोरगी ना तू? खाय.”

सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते. काहीतरी पूजा असेल, प्रसाद असेल, असं तिला वाटलं. तिनं खडा दातानं फोडून अर्धा खाल्ला. एक माणूस मराठीत म्हणाला, “झालं. गावातल्या मान्सानंबी खाल्ला,” आणि बाकीचे हसले. तीही हसली. उरलेला अर्धा तिनं निताला म्हणून रुमालात बांधून घेतला. निताला गोड आवडायचं, आणि शिवणक्लासच्या दिवशी ती जेवत नसे.

फुग्याच्या दारात निता अगोदरच येऊन उभी होती. पायात झिजलेली चप्पल, सुई टोचलेल्या बोटाला चिंधी. ओढणी पाहिल्यावर तिचा विश्वासच बसेना.

“याडीनं देल्ली? हे?” ती आईला याडीच म्हणायची. “हे त तिनं लग्नासाठी ठेवली होती, मामाच्या पोराच्या.”

“म्हणे, घालून मिरव,” संस्कृतीनं आपल्या पदरचं जोडलं.

आत थंडगार होतं. दोघींनी खुर्च्या वर-खाली करून पाहिल्या, छताला हात लागतो का ते पाहिलं. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, फुग्याले टाचणी लावू नोका वं पोरीहो, तर निता म्हणाली, “माह्याजवळ सुई हाये काका, नीट बसा.” आजूबाजूचे हसले. शिवणाच्या डब्यातली सुई तिच्याजवळ खरंच होती.

सिनेमा भुताचा होता, पण भूत बावळट होतं. त्याला माणसांचीच भीती वाटायची. निता पोट धरधरून हसली. तिचं हसणं मोठं, उघडं, कॉलेजात सर तिला त्यावरून बाहेर काढायचे. दीड तास ती अशी हसत होती, आणि संस्कृती पडद्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त पाहत होती. आज रात्री विचारायचंच. बाबा हो म्हणतील. म्हणतीलच. तिला आतापासूनच मागच्या खोलीत ओळीनं लावलेली पुस्तकं दिसायला लागली होती.

आणि वीज गेली. पडदा काळा झाला, पंख्यांचा घरघराट थांबला, आणि एकदोन मिनिटांतच छत हळूहळू खाली यायला लागलं. बायकांनी लेकरं कडेवर घेतली. कुणीतरी ओरडलं, बसा, बसा, जनरेटर लावून राह्यले. शंभर मोबाइलचे दिवे लागले. निता खुर्चीत मागं रेलून त्या खाली येणाऱ्या छताकडं मजेनं पाहत होती.

“भूक लागली वं,” ती म्हणाली.

संस्कृतीला रुमाल आठवला. तिनं गाठ सोडली आणि मोबाइलच्या उजेडात तो अर्धा खडा पुढं धरला.

“गूळ? कुठचा?”

“तुमच्या नायकानं देल्ला. वाटून राह्यले होते. अर्धा मी खाल्ला, अर्धा तुह्यासाठी ठेवला.”

निताचा पुढं आलेला हात तिथंच राहिला.

“कोण कोण होतं?”

“तुहे बाबा होते. नायक. अन् दोनतीन पाहुणे. एक जण उंच, कानात बाळी.”

“तो राजपालचा बाप,” निता म्हणाली. “राजपालले तोडीसाठी जोडी पाह्यजे.” मग तिनं अगदी सरळ आवाजात समजावून सांगितलं, जीवशास्त्राची व्याख्या सांगायची तसं. तांड्यात पोरीची सोयरीक अशीच होते. नायकापुढं बसतात, बोलतात आणि गूळ खातात. गूळ खाल्ला की शब्द झाला. जेवढ्यांनी खाल्ला तेवढे साक्षीला. मग कोणीच मागं फिरू शकत नाही, फिरला तर त्या सगळ्यांच्या तोंडचं खोटं होतं. पोरगी तिथं असावीच लागते असं काही नाही.

संस्कृतीच्या दातांत गुळाचा कण अडकलेला होता. तिनं जीभ फिरवली, तो निघेना.

“मले मालूम नव्हतं,” ती म्हणाली. “नितू, आईशप्पथ, मले मालूम नव्हतं.”

“तुले कसं मालूम राहीन.”

“आपन सांगू त्यायले. तू अठराचीबी नाही झाली.”

“झाली. आधारवर जूनमंधेच झाली.” निता छताकडंच पाहत होती. “याडीनं लय वाट पाह्यली वं. मले म्हने, मोठा मानूस पाहू म्हनला म्हंजे नाहीच म्हनला, तोंडावर बोलला नाही येवढंच. मीच म्हनो, नाही, काका तसे नाही. पर काकायचा काही दोष नाही. त्यायनं पाहू तरी म्हटलं. दुसऱ्यानं तेवढंबी म्हटलं नसतं.”

हीच वेळ होती. संस्कृतीच्या ओठापर्यंत आलंही होतं. बाबांनी म्हटलंच नाही, मी विचारलंच नाही, एवढे चार शब्द. पण बाहेर जनरेटर घरघरला, पंखे सुरू झाले, छत वर गेलं आणि पडद्यावरचं बावळट भूत जिथं अडकलं होतं तिथून पुढं धावायला लागलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

पुढचा सिनेमा संस्कृतीला कधीच आठवला नाही. आठवलं एवढंच, की निता हसत होती. ज्या जागी लोक हसत त्या जागी तीही हसत होती, तेवढ्याच मोठ्यानं. फक्त आधी ती लोकांच्या आधी हसायची, आता नंतर हसत होती. अर्धा खडा संस्कृतीच्या मुठीत वितळून चिकट झाला.

गेटपाशी बबनराव मोटारसायकल लावून उभे होते. “झाला का पिच्चर? भेव लागलं का?” त्यांनी विचारलं. निता म्हणाली, “नाही काका, हासूच आलं.” गाडीवर बबनरावांच्या मागं संस्कृती बसली आणि तिच्या मागं निता. सात किलोमीटरची वाट. निताचे दोन्ही हात तिच्या कमरेभोवती होते, नेहमीसारखेच. संस्कृती सबंध वाटेनं तोंड उघडायचं म्हणत होती. आता विचारून काय होणार होतं? आणि तरी विचारायला हवं होतं. नाल्यावरचा पूल आला, तांड्यावरचा हॅलोजन दिसला, नगाऱ्याचा आवाज यायला लागला, आणि वाट संपली.

अंगणात बायका गाणं म्हणत बसल्या होत्या. निताला पाहून त्या थांबल्या आणि मग आणखी मोठ्यानं म्हणायला लागल्या. मोहनसिंग पुढं आला. बबनरावांना पाहून त्याला अवघडल्यासारखं झालं, पण त्यानं परात पुढं केली.

“पाटील, पोरीची सोयरीक केली. तुळशीचं लगन झालं का दुसऱ्या दिसी उरकून टाकतो. गाड्या निंगाच्या आंदी.”

“अरे वा,” बबनराव म्हणाले. “चांगलं झालं.” आणि त्यांनी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. दुसरं ते काय करणार होते? शेजाऱ्याच्या घरचं शुभकार्य म्हटल्यावर कुणीही तेच करतं.

निता गाडीवरून उतरली होती. ती आईकडं जायची ती वळून परत आली आणि खाली वाकून बबनरावांच्या पाया पडली.

“काका, तुमी पाहू म्हनले होते, तेच माह्यासाठी लय झालं. मी इसरनार नाही.”

बबनरावांनी तोंडातला गूळ गिळला. “काय पाहू म्हनलो मी?”

“खोलीचं. मले ठेवाचं.”

“कोणती खोली?” त्यांनी संस्कृतीकडं पाहिलं. “काय म्हनून राह्यली हे पोरगी?”

निता उठून उभी राहिली. तिनंही संस्कृतीकडं पाहिलं. हॅलोजनच्या उजेडात चेहरा लपवायला जागा नव्हती. हुशार पोरगी होती ती, तिला समजायला किती वेळ लागणार? बायकांच्या गाण्याचं एक कडवं झालं तेवढा वेळ ती पाहत राहिली.

“काही नाही, काका,” ती म्हणाली. “पिच्चरमधलं म्हनून राह्यली मी. आमी हासत होतो ना.”

मग ती ओढणी डोक्यावर नीट घेऊन आत गेली. धनीबाई दारात उभी होती, तिनं लेकीला कवेत घेतलं, आणि दोघींच्या मागं बायकांची गर्दी झाली. निता पुन्हा दिसली नाही.

बबनरावांनी नाला ओलांडला. मग त्यांनी गाडी हळू केली.

“कायची खोली म्हने ते?”

संस्कृतीनं सांगितलं. वाऱ्यामुळं तिला ओरडून सांगावं लागलं. गणपतीपासूनचं सगळं, पंपाची खोली, पाहू, आणि विचारलंच नाही हेही. कपाचं मात्र तिनं सांगितलं नाही. घराच्या फाटकापाशी बबनरावांनी गाडी थांबवली, उतरून कडी काढली, आणि कडी हातात तशीच धरून उभे राहिले.

“मले इचाराचं नाही का?”

“तुमी हो म्हटलं असतं?”

त्यांनी अंगणापलीकडं मागच्या खोलीकडं पाहिलं. दाराला साधी कडीच होती, कुलूपसुद्धा नव्हतं.

“म्हनलो असतो,” ते म्हणाले. “खोली त रिकामीच हाये. पंप कुठीबी राह्यते.”

ते गाडी ढकलत आत गेले. संस्कृती फाटकापाशीच उभी राहिली. लांबून नगारा ऐकू येत होता. तिला मनापासून वाटलं, बाबा खोटं बोलले असावेत. आता काही करावं लागणार नाही म्हणून मोठेपणानं बोलून गेले असावेत. तसं असेल तर निदान झोप तरी लागेल. पण बबनरावांना ती सवय नव्हती. त्या घरात खोटं बोलणारी ती एकटीच होती.